लॉर्ड ब्रूम आणि अशिलाशी इमान

घोड्यांच्या गाड्यांच्या जमान्यात ब्रूम या नावाची एक आटोपशीर, चार चाकांची, बंद गाडी असे. डॉक्टर, वकील, संस्थानी अधिकारी अशा घाईच्या माणसांना ती सोयीची. ज्याच्या सांगण्यावरून १८३८ च्या सुमारास लंडनच्या कारागिरांनी अशी पहिली गाडी बांधली, त्याचे नाव तिला मिळाले. तो हेन्री ब्रूम हा गृहस्थ चार वर्षे इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचा सर्वोच्च अधिकारी होता. गाड्या गेल्या आणि नावही विस्मरणात गेले. ग्रंथालयाच्या सभासदांना मात्र त्याची ओळख आणखी एका नात्याने असावयास हवी. कामगारवर्गाने वर्गणी काढून वाचनमंडळे व पुस्तकसंग्रह उभारावेत, स्वस्त पुस्तके छापली जावीत, व्याख्याने व्हावीत, असा आग्रह धरणारी त्याची पुस्तिका १८२५ साली प्रसिद्ध झाली आणि अल्पकाळात तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पुढल्याच वर्षी उपयुक्त ज्ञानाच्या प्रसारासाठी एक मंडळी स्थापन करण्यात तो अग्रभागी होता. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली काढलेल्या ज्ञानप्रसारक सभेच्या नावात त्याच युगाचा वारा जाणवतो.

परंतु वकिलीच्या व्यवसायात ब्रूमचे नाव टिकले ते वाचनालयांमुळे नव्हे आणि चॅन्सेलरपदामुळेही नव्हे. ३ ऑक्टोबर १८२० रोजी इंग्लंडच्या उमरावांच्या सभेत, आपल्या राणीचा बचाव करताना, वकिलाचे अशिलाशी नाते काय असते याविषयी तो जे काही बोलला, त्यामुळे ते टिकले. पावणेदोनशेहून अधिक वर्षे कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते शिकविले जात आहे. त्या भाषणाच्या थोडे आधी त्याच अशिलाच्या बाबतीत त्याने स्वतः काय केले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्याचे चरित्र या दोन गोष्टी एकत्र ठेवूनच वाचावयास हवे.

ब्रूमचा जन्म १९ सप्टेंबर १७७८ रोजी एडिंबरो येथे झाला. बाप वेस्टमोरलंडमधील जुन्या घराण्यातला, आई स्कॉटलंडचे नामांकित इतिहासकार विल्यम रॉबर्टसन यांची भाची. मुलगा विलक्षण बुद्धिमान निघाला. चौदाव्या वर्षी तो विद्यापीठात गेला. अठरा पुरी होण्याआधीच प्रकाशाच्या गुणधर्मांवर त्याने लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. १८०० साली स्कॉटलंडमध्ये वकिलीची सनद मिळाली, पण त्या काळी तेथे टोरी पक्षाचा वरचष्मा होता आणि व्हिग मताच्या तरुण वकिलाकडे काम येत नसे. रिकामा वेळ त्याने लेखणीस दिला. फ्रान्सिस जेफ्री, सिडनी स्मिथ आणि फ्रान्सिस हॉर्नर यांच्यासमवेत १८०२ साली ‘एडिंबरो रिव्ह्यू’ हे त्रैमासिक सुरू झाले आणि त्याच्या पानांत ब्रूमने शस्त्रक्रियेपासून गणितापर्यंत सर्व विषयांवर लिहिले. त्यातील पुष्कळसे इतरांवर वार करण्यासाठीच होते, हेही नमूद करावयास हवे. उतावळेपणा आणि अहंकार हे त्याचे दोष तेव्हापासूनचे.

लंडनला येऊन १८०८ साली तो इंग्लंडच्या बारमध्ये दाखल झाला आणि दोन वर्षांनी पार्लमेंटात गेला. गुलामांचा व्यापार हा भारी शिक्षेस पात्र गुन्हा ठरविणारा १८११ चा कायदा त्याच्याच प्रयत्नाचे फळ. त्याच वर्षी वकील म्हणून त्याचे नाव झाले. ‘एक्झामिनर’ पत्राचे चालक जॉन व ली हंट हे बंधू लष्करातील फटक्यांच्या शिक्षेविरुद्धचा एक लेख छापल्याबद्दल खटल्यात सापडले होते. ब्रूमने त्यांना निर्दोष सोडविले. गंमत अशी की, तोच लेख मुळात ज्या स्टॅमफर्डच्या पत्रात आला होता, त्याच्या संपादकाचा बचावही काही आठवड्यांत ब्रूमनेच लिंकन येथे केला; आणि तेथील ज्यूरीने त्या संपादकास दोषी धरले. त्याला अठरा महिन्यांची कैद झाली. एकच लेख, एकच वकील, दोन निकाल. पुढे प्रिन्स रीजंटच्या बदनामीबद्दल हंट बंधूंवर दुसरा खटला झाला, तेव्हा ब्रूम असूनही त्यांना दोन वर्षे तुरुंगात काढावी लागली. सत्ताधीशांच्या रोषाला भिऊन वकीलपत्र नाकारायचे नाही, हे त्याचे धोरण तोवर पक्के झाले होते.

ज्या प्रिन्स रीजंटचा रोष त्याने असा ओढवून घेतला, त्याच्याच पत्नीचे वकीलपत्र त्याच्याकडे यावे हे ओघानेच आले. राजपुत्र जॉर्जने १७८५ साली मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न लावले होते. राजघराण्याच्या विवाहविषयक कायद्याने ते लग्न रद्दबातल होते. मात्र कॅथलिकाशी विवाह करणाऱ्यास गादीवर बसता येणार नाही असा दुसरा कायदा असल्याने तो विषय उकरणे कोणालाच परवडणारे नव्हते. १७९५ साली कर्जाच्या ओझ्याखाली त्याने ब्रुन्सविकची राजकन्या कॅरोलाइन हिच्याशी विवाह केला. वर्षभरात एक कन्या झाली आणि संसार संपला. पुढची वीस वर्षे या बाईने चौकशा, अपमान आणि एकुलत्या मुलीची ताटातूट सोसली. ब्रूम तिचा सल्लागार झाल्यावर त्याने परदेशी जाऊ नये असे तिला परोपरीने सांगितले, पण १८१४ साली ती युरोपात निघून गेली. इटलीत बार्तोलोमेओ पेर्गामी नावाचा एक माणूस तिने नोकरीस ठेवला, त्याला मानमरातब दिले, आणि त्या दोघांविषयीच्या वार्ता लंडनला पोहोचू लागल्या. १८१७ साली तिची मुलगी बाळंतपणात वारली. दुसऱ्याच वर्षी पतीने साक्षीपुरावे गोळा करण्यासाठी मिलानला एक गुप्त मंडळ धाडले.

ब्रूमची कसोटी येथे लागली. १८१९ च्या प्रारंभी त्याने आपला भाऊ जेम्स याला तिचे हिशेब पाहण्याच्या निमित्ताने इटलीस पाठविले. जेम्सने कळविलेली हकीकत काळजी वाढविणारी होती. ती आणि पेर्गामी सर्व बाह्य लक्षणांवरून पतिपत्नीसारखे राहत होते. खटला झाला तर आपले अशील बुडेल, हे ब्रूमला दिसले. त्याच वर्षाच्या जून महिन्यात त्याने लॉर्ड हचिन्सन यांच्या मार्फत सरकारकडे एक तडजोड मांडली. तिला तहहयात वर्षाला पस्तीस हजार पौंड द्यावेत, तिने कायदेशीर विभक्तता मान्य करावी, राणी म्हणून राज्याभिषेकाचा व पदवीचा हक्क सोडावा आणि परदेशी राहावे, असे तिचे स्वरूप होते. प्रस्ताव कदाचित तिच्या हिताचाही असेल. पण तो मांडण्याचा अधिकार तिने त्याला दिलेला नव्हता आणि असा काही प्रस्ताव आपल्या नावाने गेला आहे याची तिला वार्ताही नव्हती. राणीपद सोडण्याची भाषा तिच्या वकिलाने तिच्या पाठीमागे केली होती.

तो प्रस्ताव तेव्हा तसाच राहिला. २९ जानेवारी १८२० रोजी वृद्ध राजा तिसरा जॉर्ज मरण पावला, तिचा पती गादीवर आला आणि परित्यक्ता राजस्नुषा इंग्लंडची राणी झाली. चर्चच्या प्रार्थनेतून तिचे नाव वगळण्यात आले. तिने राणी या नात्याने ब्रूमला आपला अटर्नी-जनरल आणि टॉमस डेनमन याला सॉलिसिटर-जनरल नेमले. या नेमणुकीने दोघांना रेशमी झगा आणि न्यायालयात पुढल्या रांगेतील मान मिळाला. एप्रिल महिन्यात पंतप्रधान लॉर्ड लिव्हरपूल यांनी राणीकडे पोहोचविण्यासाठी ब्रूमच्या हाती एक लेखी मसुदा दिला. वर्षाला पन्नास हजार पौंड मिळतील; अट अशी की, तिने राणी ही पदवी वापरू नये आणि इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवू नये; आली तर कारवाई होईल. मसुद्यावर १५ एप्रिलची तारीख होती. राणी त्या वेळी युरोपात होती आणि मे महिन्यात जिनिव्हास आली होती. टपाल चालू होते, दूत जात-येत होते. ब्रूमने तो कागद तिला पाठविला नाही.

सात आठवडे तो त्याच्यापाशी राहिला. राणी इंग्लंडकडे निघाली तेव्हा सरकारतर्फे हचिन्सन यांना घेऊन ब्रूम फ्रान्समध्ये सेंट ओमेर येथे तिला गाठण्यास गेला. हचिन्सन यांची समजूत अशी की, अटी राणीला केव्हाच ठाऊक झाल्या आहेत आणि मसुदा ब्रूमपाशी आहे. प्रत्यक्षात राणीला काहीच माहीत नव्हते. लेखी काय आहे ते दाखवा, असे तिच्याकडून विचारणे झाले तेव्हा हचिन्सन गडबडले आणि आठवेल तसे कलमवार लिहून त्यांनी ते तिच्यापुढे ठेवले. अशा रीतीने, अशा वेळी, धमकीसह आलेल्या अटी कोणतीही मानी स्त्री धुडकावून लावील. तिनेही लावल्या. नगरपिता मॅथ्यू वुड हा लंडनचा उत्साही पुढारी तोवर तिच्या सोबतीस आला होता; त्याच्यासह ती कॅलेकडे निघून गेली आणि ५ जून १८२० रोजी डोव्हरला उतरली. किनाऱ्यापासून लंडनपर्यंत लोकांनी तिचे अपूर्व स्वागत केले. तिचा वकील मागे राहिला होता.

ब्रूमने असे का केले, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. अटी फार आधी कळल्या तर ती चिडून तत्काळ इंग्लंडला येईल, समोरासमोर आपण तिला वळवू, असा त्याचा हिशेब असेल. दोन्ही पक्षांना आपल्यावाचून चालू नये, अशी महत्त्वाकांक्षा असेल. राजाची मर्जी पुरती गमावण्याची त्याची तयारी तोवर झाली नसेल. यांतले काहीही खरे मानले तरी मूळ गोष्ट बदलत नाही. निर्णय राणीचा होता. तो घेण्यासाठी लागणारा कागद वकिलाच्या ताब्यात होता. आणि वकिलाने तिच्या वतीने, तिला न विचारता, तिच्या अज्ञानाचा निर्णय घेतला. दगाबाजीचा आरोप त्याच्यावर नंतर दोन्ही बाजूंनी झाला. सरकारला वाटले त्याने आपल्याला फसविले. राणीच्या गोटाला वाटले तो सरकारला विकला गेला आहे.

त्या काळी इंग्लंडात बॅरिस्टरच्या वर्तनाची झडती घेण्याचा अधिकार त्याच्या इनच्या ज्येष्ठ सभासदांकडे असे. ब्रूमवर अशी कोणतीही चौकशी झाली नाही. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता कायद्यान्वये पक्षकारास राज्य बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, ती शिस्तपालन समितीपुढे जाते, तेथून अखिल भारतीय कौन्सिलकडे व शेवटी सर्वोच्च न्यायालयात अपील चालते. बार कौन्सिलच्या नियमांत दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. परिणामांची पर्वा न करता, पण उचित व सन्माननीय मार्गांनी, पक्षकाराचे हित निर्भयपणे जपावे, ही एक. पक्षकाराच्या निर्णयावर परिणाम होईल असा आपला प्रतिपक्षाशी संबंध किंवा वादात गुंतलेला हितसंबंध त्याच्यापासून लपवू नये, ही दुसरी. पहिल्या नियमात १८२० च्या भाषणाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. दुसऱ्या नियमाच्या कसोटीवर भाषण करणाराच उतरला नसता.

सरकारने राणीविरुद्ध नेहमीचा खटला न भरता तिचे राणीपद काढून घेणारे आणि विवाह रद्द करणारे विधेयक ५ जुलै रोजी उमरावांच्या सभेत आणले. न्यायाधीश, ज्यूरी आणि कायदे करणारे सगळे तेच. १७ ऑगस्टपासून सुनावणी सुरू झाली. इटलीहून आणलेले नोकरचाकर सरकारी खर्चाने ठेवले होते. पहिला महत्त्वाचा साक्षीदार तेओदोरो माजोक्की सरतपासणीत सगळे बारकाव्यानिशी सांगत होता. ब्रूम उलटतपासणीस उभा राहिला. कोणत्या खोलीत कोण निजत असे, दारे कोणीकडे होती, इतर नोकर कोठे असत, असे साधे, निरुपद्रवी वाटणारे प्रश्न त्याने एकामागून एक विचारले. आणि आपल्याला आठवत नाही, हे एकच उत्तर इटालियन भाषेत पुन्हा पुन्हा येऊ लागले. काही दिवसांत ते शब्द लंडनच्या रस्त्यांवर पोरांच्या तोंडी झाले. उलटतपासणीचा नमुना म्हणून तो भाग वकीलवर्गाने अद्याप वाचावा असा आहे. आवाज न चढविता साक्षीदाराची स्मृतीच किती सोयीची आहे हे त्याने दाखवून दिले. पुढे मिलान मंडळाने वापरलेला रास्तेल्ली हा साक्षीदार पुन्हा तपासणीस हवा असता, सरकारपक्षाने त्याला देशाबाहेर धाडल्याचे उघडकीस आले आणि ब्रूमने त्या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

३ ऑक्टोबरला बचावाचे भाषण सुरू झाले. ते दोन दिवस चालले. आरंभीच त्याने आपल्या कर्तव्याची मर्यादा सांगितली, किंवा असे म्हणावे की, मर्यादा नाही असे सांगितले. आपले काम करीत असताना वकिलाला साऱ्या जगात एकच व्यक्ती ठाऊक असते आणि ती म्हणजे त्याचे अशील. त्या अशिलास सर्व उपायांनी वाचविणे हे त्याचे पहिले आणि एकमेव कर्तव्य. त्यापायी इतरांवर, प्रसंगी स्वतःवर, कोणते संकट ओढवते याचा विचार त्याने करू नये. देशात गोंधळ माजला तरी देशभक्ताचे कर्तव्य आणि वकिलाचे कर्तव्य वेगळे मानून त्याने पुढे जावे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. राजाविरुद्धचे प्रत्यारोप आपण तूर्त हातात घेत नाही, पण वेळ आली तर घेऊ, अशी त्याला जोड होती.

सभागृहातील जाणत्यांना याचा अर्थ तत्काळ कळला. फिट्झहर्बर्टबाईंचे लग्न बाहेर काढले तर राजाचा गादीवरील हक्कच धोक्यात येईल, अशी ती धमकी होती. पुढे कित्येक वर्षांनी ब्रूमने एका कायदेपंडिताला लिहिलेल्या पत्रात हे कबूलही केले. म्हणजे वकिली नीतीचे सूत्र म्हणून जगभर उद्धृत झालेले हे विवेचन मूलतः डावपेच म्हणून केलेले होते. त्यामुळे ते खोटे ठरत नाही. मात्र ते वाचताना समोर कोण बसले होते याचे भान ठेवावे. आणि आणखी एक. ही प्रतिज्ञा करणाऱ्या माणसाने अवघ्या चार महिन्यांपूर्वी त्याच अशिलाचा कागद दडवून ठेवला होता. कदाचित म्हणूनच त्याचा स्वर इतका चढा लागला असेल.

एवढे खरे की, त्या दिवसापासून त्याने कसूर केली नाही. ६ नोव्हेंबरला दुसऱ्या वाचनात विधेयकास १२३ विरुद्ध ९५ मते मिळाली. १० नोव्हेंबरला तिसऱ्या वाचनात बाजू १०८ विरुद्ध ९९ वर आली. नऊ मतांच्या आधाराने विधेयक कॉमन्स सभेत नेण्यात अर्थ नाही हे ओळखून लिव्हरपूल यांनी ते मागे घेतले. लंडनमध्ये रात्रीमागून रात्री दिवाळी झाली. डेनमनच्या समारोपाच्या भाषणातील एका चुकीच्या दृष्टांताने सर्वांची करमणूक मात्र केली. बायबलातील व्यभिचारी स्त्रीला येशूने क्षमा केली, तो प्रसंग त्याने राणीच्या समर्थनार्थ सुचविला. ज्या गोष्टीचा इनकार करण्यासाठी आपण उभे आहोत तीच आपण मान्य करीत आहोत, हे त्या सज्जनाच्या ध्यानात आले नाही.

राणीला पद राहिले, मान मिळाला नाही. जुलै १८२१ मध्ये ब्रूम व डेनमन यांनी तिच्या राज्याभिषेकाच्या हक्कासाठी प्रिव्ही कौन्सिलपुढे युक्तिवाद केला, तो फेटाळला गेला. १९ जुलैस राज्याभिषेकाच्या दिवशी तिला वेस्टमिन्स्टर अॅबीच्या दारातून परत फिरविण्यात आले. तीन आठवड्यांच्या आत, ७ ऑगस्टला, ती वारली. ब्रूम तिच्या शवाबरोबर हार्विच बंदरापर्यंत गेला. तिच्या मृत्यूबरोबर त्याची नेमणूक संपली आणि रेशमी झगाही गेला. राजाने त्याला पुढील सहा वर्षे तो मान मिळू दिला नाही. साध्या झग्यात, मागच्या रांगेतून, आपल्यापेक्षा कितीतरी कनिष्ठांच्या नंतर बोलण्याची वेळ देशातल्या सर्वांत गाजलेल्या वकिलावर आली. आपल्या कर्तव्याची किंमत स्वतः सोसावी, हे भाषणातले एक वाक्य तरी त्याने निश्चितपणे जगून दाखविले. १८२२ साली डरहॅमच्या एका संपादकावर, राणीच्या मृत्यूनंतर चर्चच्या घंटा न वाजविणाऱ्या पाद्र्यांवर टीका केल्याबद्दल खटला झाला, तेव्हाही बचावास ब्रूमच होता. अशील मेल्यावरही तो तिचाच वकील राहिला.

१८२७ साली अखेर त्याला ज्येष्ठतेचा मान मिळाला. ७ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेवर संत्री खात तो कॉमन्स सभेत सहा तास बोलला. १८३० साली व्हिग पक्ष अधिकारावर आला आणि ब्रूम लॉर्ड चॅन्सेलर झाला. चॅन्सरी न्यायालयात वर्षानुवर्षे तुंबलेली कामे त्याने धडाक्याने निकालात काढली, दिवाळखोरीचे न्यायालय व लंडनचे मध्यवर्ती फौजदारी न्यायालय उभे केले. मताधिकार सुधारणेचे विधेयक आणि गुलामगिरी रद्द करणारा १८३३ चा कायदा याच काळातले. त्याच वर्षी त्याने प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती स्थापन करणारा कायदा करून घेतला आणि त्याचा धागा हिंदुस्थानातील असंख्य कुळांशी जोडला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानातील उच्च न्यायालयांवरची अपिले १९४९ पर्यंत या समितीपुढे जात होती. ताईमहाराज प्रकरणाचा अंतिम निकाल १९१५ साली लोकमान्य टिळकांच्या बाजूने लागला तो येथेच. आणि त्या प्रकरणातील वादग्रस्त दत्तकविधान झाले होते निजामाच्या मुलखात, औरंगाबादेस.

समितीच्या स्थापनेआधी, जुलै १८३२ मध्ये, सतीबंदीविरुद्ध बंगालच्या सनातन्यांचा अर्ज प्रिव्ही कौन्सिलने फेटाळला. अर्जदारांचे वकील होते स्टीफन लशिंग्टन. राणी कॅरोलाइनच्या बचावात ब्रूमच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले, गुलामगिरीचे कट्टर शत्रू असलेले तेच हे गृहस्थ. स्वतःची मते काही असोत, आलेल्या अशिलाची बाजू मांडावयाची, हा धर्म त्यांनी पाळला. राजा राममोहन राय त्या सुनावणीस उपस्थित होते.

ब्रूमचे मंत्रिपद चार वर्षांत संपले. सहकाऱ्यांशी भांडणे, वर्तमानपत्रांना गुप्त बातम्या पुरविल्याचा संशय, आणि १८३४ च्या उन्हाळ्यात राजमुद्रा बरोबर घेऊन स्कॉटलंडभर केलेला आत्मस्तुतीचा दौरा यांमुळे, १८३५ साली पक्ष पुन्हा अधिकारावर आला तेव्हा त्याला बाहेरच ठेवण्यात आले. त्यानंतरची तेहतीस वर्षे त्याने पुस्तके लिहिली, उमरावांच्या सभेत अपिले ऐकली आणि सुधारणेची विधेयके आणली. वादी-प्रतिवादींना स्वतःच्या दाव्यात साक्ष देता यावी, असा १८५१ चा कायदा त्याच्या नावाने ओळखला जातो.

त्याच्या १८२० च्या सिद्धांताची कठोर परीक्षा मात्र दुसऱ्याच्या हातून झाली. १८४० साली लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाबद्दल त्यांचा स्विस नोकर कुर्व्हाझिए याच्यावर खटला चालला होता. बचावाचे वकील ब्रूमच्या स्नेह्यांपैकी चार्ल्स फिलिप्स. खटल्याच्या मध्यावर नवा पुरावा आला आणि आरोपीने फिलिप्सजवळ खुनाची कबुली दिली. मात्र बचाव चालूच ठेवा, असे सांगितले. फिलिप्स हादरले. त्यांनी मुख्य न्यायाधीशांच्या शेजारी बसलेल्या न्यायमूर्ती पार्क यांचा खासगीत सल्ला घेतला, आणि आरोपीची तशी इच्छा असल्यास माघार घेता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी भाषण केले. आरोपीला फाशी झाली. घरातील निरपराध मोलकरणीवर त्यांनी संशय ढकलला, असा आरोप फिलिप्सवर नंतर अनेक वर्षे होत राहिला. माघार न घेणे यात त्यांची चूक नव्हती, हे आज बहुतेक मान्य करतात. न्यायाधीशाला कबुली सांगणे मात्र अशिलाच्या गुपिताचा भंग होता. ते पार्क यांनाही आवडले नव्हते. साऱ्या जगात एकच व्यक्ती ओळखणाऱ्या वकिलाच्या वाटेत ती मोलकरीण उभी होती, आणि ब्रूमच्या सूत्रात तिला जागा नव्हती.

८ नोव्हेंबर १८६४ रोजी मिडल टेंपलच्या सभागृहात फ्रान्सचे वकील बेर्येर यांच्या सन्मानार्थ भोजन झाले. मार्शल ने यांच्या बचावात बेर्येर तरुणपणी उभे होते. स्वतः जुन्या बूर्बोन घराण्याचे निष्ठावंत असून १८४० साली लुई नेपोलियनचे वकीलपत्रही त्यांनी घेतले होते. शहाऐंशी वर्षांचा ब्रूम बोलण्यास उठला आणि अशिलाचे हित हेच वकिलाचे प्रथम कर्तव्य, हे आपले मत त्याने पुन्हा सांगितले. नंतर मुख्य न्यायाधीश कॉकबर्न बोलले. वकिलाने आपली शस्त्रे योद्ध्याप्रमाणे चालवावीत, मारेकऱ्याप्रमाणे नव्हे, असे त्यांनी सुचविले. अशिलासाठी झटावे ते वैध मार्गांनी, आणि अशिलाच्या हिताचा मेळ सत्य व न्याय यांच्या शाश्वत हिताशी घालता आला पाहिजे. जमलेल्या वकीलवर्गाने त्या बोलण्यास मोठा प्रतिसाद दिला. वृद्ध ब्रूम ते ऐकत बसला होता.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान्स या कोळ्यांच्या खेड्यात त्याने घर बांधले होते. पटकीच्या साथीमुळे नीसच्या सरहद्दीवर अडविले गेल्याने तो तेथे योगायोगानेच उतरला होता. १८३९ साली वारलेल्या आपल्या एकुलत्या वाचलेल्या मुलीचे नाव त्याने त्या घराला दिले. त्याच्या मागोमाग इंग्रज श्रीमंत येऊ लागले आणि ते खेडे नामांकित शहर झाले. ७ मे १८६८ रोजी तेथेच झोपेत त्याला मृत्यू आला आणि तेथेच त्याचे दफन झाले. वृद्धापकाळी लिहिलेले त्याचे आत्मचरित्र १८७१ साली तीन खंडांत बाहेर पडले. जाणकार ते सावधपणेच वाचतात.